गुट्टोर्मचं पोलाद

"आस्मुंद, एकटा ये. हाल्दिसला आणू नकोस," सीवेर फोनवर म्हणाला, आणि मला वाटलं की त्यानं चुकीच्या माणसाला फोन केलाय. बंदुकीच्या कामासाठी मला एकट्याला कुणी बोलावल्याचं आठवत नाही. मी गावच्या वाचनालयात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झालो, आणि बंदूक हातात घेतो ती हाल्दिस "धर जरा" म्हणते तेव्हा. तेव्हाही मी ती एखादं दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तशी धरतो.

हाल्दिस माझी बायको. तिनं आयुष्यभर शाळेची बस चालवली. दरीतल्या एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा आमचा जो जथा आहे त्याची ती म्होरकी. तिचे वडील गुट्टोर्म होते तोवर ते म्होरके होते, ते गेल्यावर कुणी काही न विचारता ते काम तिच्याकडे आलं. त्यांची रायफलही तिच्याकडे आली. युद्ध संपल्यावर जर्मन सैन्य मागं सोडून गेलेल्या बंदुका आमच्या देशाच्या लष्करानं नळ्या बदलून लोकांना विकल्या, त्यातली ती एक. गेल्या शरद ऋतूत तिच्यात एक काडतूस तडकलं. फुस्स असा आवाज झाला आणि धूर हाल्दिसच्या डोळ्याशी आला. तिनं डोळा चोळला आणि दुसरं काडतूस घालायच्या ऐवजी बोल्ट, म्हणजे काडतुसामागं मिटणारा पोलादी तुकडा, काढून खिशात टाकला. घरी आल्यावर म्हणाली, "म्हातारी झाली बंदूक. नळी नवी घालू, दस्ता माझ्या मापाचा करून घेऊ. ॲक्शन मात्र बाबांचीच राहील."

ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि तो ज्या पोलादी घरात मागंपुढं सरकतो ते घर. बंदुकीचं बाकी सगळं बदलता येतं. काडतूस फुटतं तेव्हा सगळा धक्का मात्र या दोन गोष्टी अंगावर घेतात, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर.

सीवेरचं बंदूकदुरुस्तीचं दुकान लाकूड कापायच्या गिरणीमागं आहे. आम्ही दोघं एका वर्गात होतो. तो तेव्हाही माझ्याहून कमी बोलायचा, आणि हे जमणारा दुसरा कुणी मला भेटलेला नाही. त्यानं गुट्टोर्मची रायफल पकडीत आवळून ठेवली होती.

"बस," तो म्हणाला. "हे बघ. ही दोन गेज. पोलादाची खोटी काडतुसं समज. पहिलं घातलं की बोल्ट मिटला पाहिजे. दुसरं केसभर लांब आहे. त्याच्यावर मिटता कामा नये."

त्यानं दुसरं घातलं आणि एका बोटानं बोल्टची दांडी खाली लोटली. ती आरामात खाली गेली.

"मिटला," मी म्हणालो.

"मिटला. म्हणजे काडतुसाच्या मागं पोकळी आहे. म्हणून ते ताणलं जाऊन तडकलं."

"नवी नळी घालणारच आहेस ना तू?"

"पोकळी कशानं आली ते कळल्याशिवाय नाही घालणार." त्यानं बोल्ट काढून त्याच्या पुढच्या टोकाचे दोन जाड कान दाखवले. "हे कान आतल्या खाचेत अडकतात. खाचेचं पोलाद वरून कडक असतं, आतून मऊ. पावाच्या कवचासारखं. पूर्वी हौशी लोक बंदूक गुळगुळीत चालावी म्हणून ती खाच एमरीच्या कागदानं घासायचे. कवच घासून गेलं की प्रत्येक गोळीगणिक कान आत रुततात. आज केसभर, उद्या दोन केस."

"गुट्टोर्मनी असं केलं असेल?"

"माझी बंदूक लोण्यासारखी चालते, असं सगळ्या दरीला कोण सांगत फिरायचं?"

गुट्टोर्म खरंच सांगत फिरायचे. लग्नकार्यात सांगायचे, मयतालाही सांगायचे.

"तिथं आत कडकपणा मोजायला माझ्याकडं काही साधन नाही," सीवेर म्हणाला. "असेलही शाबूत. पण पैज कुणाच्या डोळ्यावर लावायची? मी नळीखाली माझं नाव कोरतो ते माहीत आहे तुला. यावर नाही कोरणार. तू सांग तिला."

"मी?"

"तुझं ऐकते ती."

हाल्दिस माझं ऐकते हा समज गावात कसा पसरला, मला माहीत नाही.

त्यानं कपाटातून तीन ॲक्शन काढून फडक्यावर मांडल्या. एक गुट्टोर्मच्याच घाटाची, पण कधी युद्धावर न गेलेली, पेटीतून तशीच निघालेली. दुसरी स्वीडनची, हलकी आणि देखणी. तिसरी कारखान्यातून आलेली नवी, दोनाऐवजी तीन कान असलेली, आरशासारखी. "तिच्यासाठी यातली एक निवड," तो म्हणाला. "पुस्तकं वाचतोस ना? वाच."

मी वाचलं. मला दुसरं काही येत नाही. गाडी करून हामार शहरातल्या वाचनालयात गेलो, तिथं मला अजून कपाटापर्यंत जाऊ देतात. आधी मला वाटलं होतं, मजबूत म्हणजे जाड. मग कळलं की जाणकार लोक वेगळाच प्रश्न विचारतात. काडतूस फुटलंच तर आतला वायू कुठं जातो? जुन्या घाटाच्या ॲक्शनमध्ये त्या वायूला बाहेर पडायला बोल्टच्या अंगात दोन भोकं ठेवलेली असतात आणि मागं एक आडवी कड असते, म्हणजे तो चेहऱ्याकडे न जाता बाजूला जावा. शिवाय मागं एक तिसरा कान असतो. तो एरवी कशालाच टेकत नाही. पुढचे दोन तुटले तरच त्याला काम. आपलं काहीतरी चुकणार आहे असं धरून चालणाऱ्या माणसानं ती बेतलेली होती. मला तो माणूस जवळचा वाटला. नव्या ॲक्शनचे आकडे मोठे होते, पण मी पेटीतली जुन्या घाटाची निवडली आणि ती बरोबर निवडली की नाही याचा विचार करत दोन रात्री नीट झोपलो नाही.

मग सकाळी स्वयंपाकघरात, हाल्दिस वाफल भाजत असताना, मी सगळं सांगितलं. कान, खाच, पावाचं कवच, वायूची भोकं, तिसरा कान. बोलायला लागलो की मी फार सविस्तर बोलतो, तेही घाबरल्यामुळंच.

तिनं वाफल उलटली. "म्हणजे बाबांचं पोलाद मऊ."

"असेल असं सीवेर म्हणतो. नक्की नाही."

"आणि तू दुसरं निवडलंस."

"तुला न विचारता नाही. म्हणजे, निवडून ठेवलंय. खूप चांगलं आहे, हाल्दिस. तिसरा कान आहे त्याला."

"कान पुरे झाले आता." ती खुर्चीत बसली. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "हे बघ आस्मुंद. बाबा गेल्यापासून त्या बंदुकीला मी गाल लावत आले. एकदाही मनात आलं नाही की हे फुटेल. आज कळतंय की फुटायच्या बेतात होती. मग दुसऱ्या कुठल्या बंदुकीवर कसा भरवसा ठेवू? पुस्तकात लिहिलंय म्हणून?"

"पुस्तक बरोबर आहे."

"असेल. पण गाल माझा आहे ना. गोळी झाडताना मी जर डोळे मिटायला लागले तर जनावर जखमी करून सोडीन. त्यापेक्षा या वर्षी जनावराची वाट बघत ठिय्यावर बसत नाही. कुणाला कुठं बसवायचं ते सांगीन आणि कॉफी करीन."

"तू कॉफी करणार?"

"का? तू करतोस त्याहून बरी होईल."

ती हसली आणि ताटली माझ्यापुढं सरकवली. तपकिरी चीजचा काप तिनं मला आवडतो तसा पातळ काढला होता. ती गप्पा मारत राहिली, पण बंदुकीचं नाव निघालं नाही. माझ्या बायकोला आयुष्यात जर कशाची ओढ असेल तर ती शिकारीच्या पहिल्या सकाळी ठिय्यावर बसण्याची. मला ती ओढ कधी समजली नाही, पण ती असते तेव्हा हाल्दिस कशी दिसते ते मला माहीत आहे. एकदा ठिय्या सोडणारे परत येत नाहीत हेही आमच्या दरीत सगळ्यांना माहीत आहे. आधी कॉफी करतात, मग गुडघा दुखतो म्हणून घरीच थांबतात.

शिकारीआधी प्रत्येकाला नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. त्या दिवशी हाल्दिस खरोखर शेकोटीशी बसली. तिनं मोठी काळी किटली टांगली होती आणि मी कप पुसत होतो. शेकोटीजवळ यायचं तर बोल्ट काढून समोरच्या ओंडक्यावर ठेवायचा, हा गुट्टोर्मनी घालून दिलेला नियम. त्यामुळं ओंडक्यावर बोल्टची रांग लागली होती. सगळ्या बंदुका एकाच लष्करी साठ्यातल्या. लष्करानं त्या ढिगातून हाताला येतील त्या भागांनी जुळवल्या होत्या, त्यामुळं बोल्टवरचे आकडे कुणाच्याच बंदुकीशी जुळत नाहीत आणि कुणी ते बघतही नाही.

शेवटी एम्ब्रेत गोळी झाडायला पालथा पडला. जथ्यातला सगळ्यात म्हातारा. गुट्टोर्मच्या बरोबरीचा, त्यांचा आयुष्यभराचा दोस्त आणि आयुष्यभराचा वैरी, दोन्ही एकदमच. त्यानं काडतूस घातलं, बोल्ट पुढं लोटला आणि दांडीवर तळव्यानं सणसणीत थाप मारली. दरवेळी मारतो. थाप मारल्याशिवाय त्याचा बोल्ट मिटतच नाही.

"उठा रे, एल्क जागे झाले," कुणीतरी म्हणालं.

"एम्ब्रेत, तो चिखल अजून निघाला नाही वाटतं," हाल्दिसनं हाक मारली.

"नाही निघायचा," तो पडल्या पडल्याच ओरडला. "दलदलीत पडलो त्या वर्षापासनं असाच आहे. तुझ्या बापानं धुऊन दिला म्हणून वाचला, नाहीतर फेकलाच असता."

"बाबा तर म्हणायचे, त्या आंघोळीनंतरच माझी बंदूक लोण्यासारखी चालायला लागली." ती हसून माझ्याकडं वळली. "तू होतास ना रे तेव्हा? किटलीत धुतले होते."

मी होतो. आमचं लग्न नुकतंच झालं होतं आणि जावयाला शिकार दाखवायला नेलं होतं. एम्ब्रेत कमरेपर्यंत चिखलात रुतला होता, बंदुकीसकट. गुट्टोर्मनी हसत हसत त्याचा बोल्ट कॉफीच्या किटलीतल्या उकळत्या पाण्यात टाकला, आणि मग आपलाही टाकला, "याचाही वर्षभराचा मळ निघेल" म्हणून. नंतर दोन्ही काठीनं बाहेर काढून ओंडक्यावर वाळत ठेवले. त्या किटलीतल्या कॉफीला पुढं कितीतरी दिवस तेलाचा वास येत होता. तो वास मला आठवत होता. दोन बोल्ट मात्र मी कधीच आठवून पाहिले नव्हते.

हातातला कप मी परत परत पुसत राहिलो. एकाची बंदूक त्या दिवसापासून घट्ट झाली. दुसऱ्याची त्याच दिवसापासून सैल.

हाल्दिसला काही सांगावं असं मला वाटलं नाही. मी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. माझा तर्क चुकला तर तिला दुसऱ्यांदा तेच ऐकावं लागलं असतं. मी घरी येऊन सीवेरला फोन केला आणि अडखळत विचारलं, ओंडक्यावरून उचलताना त्या दोघांच्या बोल्टची अदलाबदल झाली, असं होऊ शकतं का?

पलीकडून पोलादावर पोलाद सरकल्याचा आवाज आला.

"एम्ब्रेतचा बोल्ट घेऊन ये," तो म्हणाला. "गुट्टोर्मच्या बंदुकीत तो घालून गेज बरोबर लागलं, तर तिचं पोलाद रुतलेलं नाही. नाही लागलं, तर मी म्हणालो तेच खरं."

"तू माग ना त्याच्याकडं."

"माझ्या दारात तो येत नाही. मी एकदा त्याच्या बंदुकीला बद्धकोष्ठ झालंय म्हणालो होतो."

एम्ब्रेतचं घर चढावर, जंगलाच्या कडेला आहे. तो एकटा राहतो, करड्या कुत्र्याबरोबर. मी गेलो तेव्हा तो टेबलाशी बसून वाळवलेल्या मांसाच्या कापट्या काढत होता. एक त्यानं कुत्र्याला दिली, मग मला. त्याच्याकडं क्रम नेहमी हाच.

"पुस्तक परत मागायला आलास का? मी नेलेलं नाही."

"नाही. म्हणजे तुझा बोल्ट हवा होता. थोडा वेळ."

त्यानं सुरी खाली ठेवली. "माझे दात ने. पेल्यात आहेत. बोल्ट नाही मिळायचा."

"सीवेरकडं न्यायचा होता."

"मग तर दातही नाही."

मी सांगायला लागलो. कवच, खाच, कान. मध्येच मी किटलीपाशी पोचलो आणि परत मागं गेलो, कारण दलदलीचं सांगायचं राहिलं होतं. एम्ब्रेत ऐकत होता. "मला नक्की माहीत नाही," मी शेवटी म्हणालो.

"तुला कधी काय नक्की माहीत असतं रे? लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हाही तू आधी हाल्दिसकडं बघितलंस." तो उठला आणि भिंतीवरची बंदूक काढून त्यानं बोल्ट बाहेर ओढला. खिडकीशी नेऊन हात लांब करून बघितला. "म्हणजे तू म्हणतोस, हा गुट्टोर्मचा आहे."

"असेल."

"आणि मी इतकी वर्षं याला शिव्या घालतोय."

"चिखलाला घालत होतास."

"नाही. यालाच." त्यानं बोल्ट उजेडात पुन्हा फिरवून बघितला. कुत्रा एकदा त्याच्याकडं, एकदा मांसाकडं बघत होता. मग त्यानं बोल्ट स्वच्छ रुमालात गुंडाळून छातीवरच्या खिशात ठेवला आणि सरळ फोनकडं गेला. "हाल्दिस? सीवेरच्या दुकानात ये. तुझ्या नवऱ्यानं एक शोध लावलाय. नाही, चांगला की वाईट ते त्यालाच माहीत नाही."

"तिला कशाला सांगितलंस?" मी म्हणालो. "चुकलं असेल तर?"

"तिच्या बापाची वस्तू आहे. तिच्या पाठीमागं उघडायची नाही. चल, गाडी तू चालव. मला दिसत नाही, पण ते जथ्याला सांगू नकोस."

हाल्दिस आमच्या आधी पोचली होती. दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभी. बसमधून दंगा करणाऱ्या मुलांना उतरवताना ती अशीच उभी राहायची. मी तिला गाडीतून उतरता उतरता सगळं सांगून टाकलं. तिनं मध्येच थांबवलं नाही. संपल्यावर फक्त म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"चुकलं असतं तर तुला परत…"

"बरं," ती म्हणाली आणि माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. ते नेहमीच उघडं असतं.

सीवेरनं एम्ब्रेतला मान लवून नमस्कार केला. एम्ब्रेतनं खिशातून रुमाल काढला, पण बोल्ट सीवेरच्या हातात दिला नाही. स्वतःच गुट्टोर्मच्या बंदुकीत सरकवला. तो सरकत गेला. सीवेरनं पहिलं गेज घातलं आणि एका बोटानं दांडी लोटली. मिटली. थाप लागली नाही.

"आता दुसरं," हाल्दिस म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण तिनं माझी बाही धरली होती, आणि तिला ते कळलेलं नव्हतं.

सीवेरनं दुसरं गेज पुसून घातलं. बोट दांडीवर ठेवलं. दांडी थोडी खाली आली आणि थांबली. त्यानं बोट उचललं, पुन्हा ठेवलं. थांबली. गेज काढून, पुसून, परत घालून त्यानं तिसऱ्यांदा केलं.

"हललेलं नाही," तो म्हणाला. "रुतलं असतं तर या बोल्टवरही मिटलं असतं. पोलाद जागच्या जागी आहे."

"म्हणजे घासलेलं नव्हतं?" हाल्दिसनं विचारलं.

"नाही. लोण्यासारखी चालायची ती एम्ब्रेतचा बोल्ट आखूड म्हणून. मी गुट्टोर्मच्या बढायांवर विश्वास ठेवला."

"तो सगळ्यांनीच ठेवला," एम्ब्रेत म्हणाला.

हाल्दिसनं बाही सोडली. पकडीतल्या बंदुकीजवळ जाऊन तिनं पोलादी घरावर अंगठा फिरवला, मागून पुढं. मला वाटलं ती रडेल, पण ती नाक ओढून म्हणाली, "बाबा असते तर आता महिनाभर जेवताना हेच ऐकावं लागलं असतं."

मग एम्ब्रेतनं बोल्ट बाहेर काढला. रुमालानं पुसला, जिथं पुसायचं काही नव्हतं तिथंही. "घे," तो तिला म्हणाला. "तुझा आहे." हात पुढं केला होता, पण बोटं मिटलेली होती. मी बघितलं, सीवेरनं बघितलं.

हाल्दिस त्या बोटांकडं बघत होती. "सीवेर," ती म्हणाली, "नवी नळी बसवशील ती माझ्याकडं आत्ता जो बोल्ट आहे त्याच्या मापानं बसवता येईल?"

"तशीच बसवतात. नळीतलं काडतुसाचं घर बोल्ट बघूनच कापायचं असतं. दोन्ही बोल्टचे कान चांगले आहेत, मी बघितलेत."

"मग पोकळी राहणार नाही?"

"राहिली तर मी नाव कशाला कोरीन?"

"मग हा बोल्ट याच्याकडंच राहू दे."

"अगं, पण तुझ्या बापाचा आहे तो," एम्ब्रेत म्हणाला.

"बाबांनी स्वतःच्या हातानं दिलाय तुला. किटलीतनं काढून. दिलेलं मी परत मागायला जात नाही." ती सीवेरकडं वळली. "आणि मला याचाच राहू दे. घर बाबांचं, बोल्ट याचा. भांडायचे ते दोघं, पण बसायचे एकाच ओंडक्यावर."

एम्ब्रेतनं बोल्ट रुमालात गुंडाळला. गाठ मारायला त्याला वेळ लागला.

"तुझी बंदूक घट्ट आहे," सीवेर त्याला म्हणाला, बहुतेक मदत म्हणून. "धोका काही नाही, पण काडतुसाचं घर केसभर कापलं तर थाप मारावी लागणार नाही."

"हात लावून बघ तिला," एम्ब्रेत म्हणाला.

मग सीवेरनं हाल्दिसची मापं घेतली. तिला बंदुकीसारखी एक लाकडी चौकट खांद्याला लावायला लावली, मान वाकवायला लावली, लोकरीचा हातमोजा घालून बोट कुठं पोचतं ते बघितलं. दांडी जरा खाली वाकवायची ठरली, मोज्यात धरता यावी म्हणून. ती त्याला बारीकसारीक सांगत होती, गाल इथं टेकतो, इथं नाही, आणि तो खडूनं खुणा करत होता. पेटीतली ती तिसऱ्या कानाची ॲक्शन मी कपाटात परत ठेवली. ती चांगलीच होती. मला अजूनही तसंच वाटतं.

बंदूक तयार झाली तेव्हा बर्चची पानं पिवळी होऊन गळायला लागली होती. हाल्दिसनं तिची परीक्षा मागाहून दिली, एकटीनं. मी लांब उभा राहून फक्त तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. पहिल्या गोळीला तिनं डोळे मिटले. दुसरीलाही. तिसरीच्या आधी ती थांबली, बंदूक खाली ठेवून बसून राहिली, मग परत गाल लावला. त्यानंतर मिटले नाहीत. घरी येताना ती म्हणाली, "आस्मुंद, पहिल्या सकाळी माझ्याबरोबर ठिय्यावर येतोस?"

"मी? मी काय करू तिथं?"

"बस माझ्या मागं. काही करू नकोस. तेच तुला चांगलं जमतं."

"मी खोकतो."

"नाही खोकत. तू घरीसुद्धा दुसऱ्या खोलीत जाऊन खोकतोस."

मी गेलो. दलदलीच्या वरच्या बाजूला, एका पडलेल्या पाइनच्या आडोशाला, रेनडिअरच्या कातड्यावर आम्ही बसलो. उजाडत होतं. खाली धुकं होतं आणि त्याच्या पलीकडं कुठंतरी कुत्रा माग काढत चालला होता. मी पुस्तक आणलं होतं, पण पान उलटायची भीती वाटली म्हणून ते मांडीखालीच राहिलं. माझ्यासमोर तिची पाठ होती, जुन्या हिरव्या कोटातली. मी ती पाठ स्टिअरिंगमागं बघितलेली, ओट्याशी बघितलेली. इतकी स्वस्थ बसलेली कधी बघितली नव्हती.

धुक्यातून आधी कान दिसले, मग मोठं लांब डोकं. मादी होती, मागं पिल्लू. या वर्षी या बाजूला पिल्लाबरोबरची मादी सोडायची आणि पिल्लूही सोडायचं, असं हाल्दिसनंच ठरवलं होतं. तरी तिनं बंदूक हळूच खांद्याला लावली आणि गाल दस्त्यावर टेकवला. ती त्यांना बंदुकीवरच्या दुर्बिणीतून नुसती बघत राहिली. दोघं दलदलीच्या काठानं चालत गेली, पिल्लू एकदा थांबलं, आईनं मान वळवली, आणि ती पाइनच्या झाडांत शिरली. हाल्दिसचा गाल तसाच होता, सैल, झोपेत उशीवर असतो तसा.

मला कळलं नव्हतं की मी श्वास रोखून धरलाय.

"आस्मुंद," ती मागं न वळता कुजबुजली, "श्वास घेतलास तरी चालेल."

मी घेतला. ती पुन्हा धुक्याकडं बघायला लागली.